पाय पेठेचा, कागद कुणाचा?

मॅच चारची होती आणि मामा अडीचलाच येऊन बसले होते. मार्चमधलं कोल्हापूरचं ऊन, शाहू स्टेडियमची तापलेली गॅलरी, डोक्यावर ओला पंचा, मांडीवर दोनशे पानी वही आणि वहीत खोचलेली पेन्सिल. मी शेजारी टेकले तेव्हा त्यांनी मान वळवली नाही. खाली दोन्ही टीम सरावाला उतरत होत्या.

"लोक चारला येत्यात, मॅच बघायला," ते म्हणाले. "टीम बघायची असंल तर वॉर्मअपला यायला लागतंय. त्यो सात नंबर बघ. बॉल डाव्यानं मारतोय, झॅक मारतोय, पण वळताना भार उजव्यावरच घेतोय. म्हणजे डावा गुडघा अजून भरवशाचा न्हाई."

वहीत सात नंबरच्या नावापुढं त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं. मला तर तो पोरगा चपळ दिसत होता. उत्तरार्धात एका वळणावर तो थबकला, दोन पावलं लंगडला आणि त्यानं स्वतःच बाकाकडं हात केला. गॅलरीतून आरडाओरडा झाला. मामांनी फक्त वही मिटली.

मामांनी चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढली. मशीन बिघडायच्या आधी बेअरिंगचा आवाज बदलतो, तसंच माणसाचं असतं, असं ते म्हणतात. त्यांचं नाव आणि त्यांच्या टीमचं नाव मी लिहीत नाही, कारण बोलण्याआधी त्यांनी तीच अट घातली होती: "पेठेत राहायचंय मला."

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'भरवसा' हा विषय दिला, तेव्हा मला ही गॅलरी आठवली. फुटबॉलच्या चाहत्याइतका भरवसा कोण ठेवतं? दुसऱ्याच्या पायावर, दुसऱ्याच्या सहीवर, दरवर्षी नव्यानं. मी कोल्हापूरची, नोकरीनं मुंबईकर. दोन्हीकडं फुटबॉल आहे आणि दोन्हीकडचा भरवसा वेगळ्या गोष्टींवर उभा आहे, असं मला वाटत होतं. ते खरं आहे का, हे पाहायला मी गेले.

मामांच्या वहीत गोल लिहिलेले नाहीत. "गोल काय, पेपरात येत्यात." प्रत्येक खेळाडूपुढं तीनच गोष्टी असतात. यंदा नोंदणी कुणाकडं, कुठं दुखतंय आणि पुढच्या वर्षी राहणार का. हंगाम सुरू होण्याआधीच या तीन रकान्यांवरून ते सांगतात, टीम कुठवर जाईल. मामींनी चहा देताना त्यात भर घातली, "मी बी जातो की मॅचला. ह्यांच्या वहीपेक्षा माझं बरोबर येतंय." कोल्हापूरच्या बायकांचं हे 'मी जातो' ऐकलं की मला घरी आल्यासारखं वाटतं.

फॉर्म, मानधन आणि शब्द

कोल्हापुरात फुटबॉल तालमीतून वाढला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या नावांपुढं आजही 'तालीम मंडळ' आहे. जिथं लाल माती होती, तिथल्याच पोरांनी संध्याकाळी चेंडू उचलला आणि पेठांची ईर्ष्या आखाड्यातून मैदानात आली. शाहू स्टेडियमपासून खासबागेचं कुस्तीचं मैदान चालत जाण्याइतकं जवळ आहे. खेळाचे नियम निराळे असले तरी गॅलरीतला माणूस तोच आहे. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, फुलेवाडी, संध्यामठ अशी नावं घेतली की इथल्या माणसाला नुसत्या टीम आठवत नाहीत, गल्ल्या आणि चेहरे आठवतात.

हंगामाआधी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं, म्हणजे केएसएकडं, खेळाडूंची नोंदणी होते. ते दिवस चाहत्यांसाठी दिवाळीइतकेच महत्त्वाचे. कोण कुणाच्या दुचाकीवर मागं बसून दिसला, कुठल्या कार्यकर्त्याच्या घरी जेवला, यावरून कट्ट्यावर अंदाज बांधले जातात. एकदा फॉर्म भरला की खेळाडू त्या मंडळाचा. बाहेरचे खेळाडू किती घ्यायचे, परदेशी किती, याच्या मर्यादा असोसिएशन ठरवते आणि मंडळं त्या मर्यादेत गोवा, मुंबई, केरळपासून आफ्रिकी देशांपर्यंतच्या खेळाडूंचा शोध घेतात. त्यांच्यासाठी पेठेतच खोली बघायची, डबा लावायचा, सरावाला न्यायला-आणायला कुणीतरी नेमायचा. हे सगळं वर्गणीतून, देणगीदारातून आणि कार्यकर्त्यांच्या खिशातून चालतं.

फॉर्मवर नाव असतं, फोटो असतो, सही असते. पैशाची गोष्ट मात्र बहुतेक वेळा तोंडी ठरते. त्याला पगार म्हणत नाहीत, 'मानधन' म्हणतात. स्थानिक पोराला थोडं, बाहेरच्याला जास्त. कधी नोकरीचा शब्द असतो, कधी दुचाकीचा, कधी बहिणीच्या लग्नात मंडळ उभं राहील याचा. हे शब्द पाळले जातात, आणि लग्नात मांडव घालायला अख्खी टीम आलेली मी लहानपणापासून पाहिली आहे. म्हणूनच पेठ सोडून दुसऱ्या पेठेकडून खेळणाऱ्याला इथं जे ऐकावं लागतं, ते कुठल्याही मोठ्या क्लबाच्या खेळाडूला ऐकावं लागत नसेल. त्याची आई त्याच गल्लीत भाजी घ्यायला जाते.

मामांना मी विचारलं, "मामा, शब्द दिला आणि खेळाडूचा पाय मोडला, तर?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या दादाचं तुला ठावं हायच की."

आवाज

दादा तेव्हा बावीस वर्षांचा होता. सामन्यात त्याला कुणी हातसुद्धा लावला नाही. धावता धावता त्यानं दिशा बदलली, बुटाचे खिळे जमिनीत अडकले, शरीर वळलं आणि गुडघा मागं राहिला. त्याला स्वतःला 'कट्' असा आवाज आला होता. मी गॅलरीत होते. मला आवाज आला नाही, फक्त तो बसला आणि उठला नाही, एवढंच दिसलं.

या दुखापतीला डॉक्टर एसीएल म्हणतात, मैदानावर सगळे नुसतं 'लिगामेंट' म्हणतात. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांवरून पुढं सरकू नयेत, वळताना गुडघा निसटू नये, म्हणून सांध्याच्या आत तिरका ताणलेला हा दोर असतो. तो तुटला तरी माणूस चालू शकतो आणि खरी फसगत इथंच होते. आठ-दहा दिवसांत सूज उतरते, पोराला वाटतं बरं झालं, तो पुन्हा उतरतो आणि या वेळी सांध्यातली गादी, मेनिस्कस, फाटते. दादाचं तसंच झालं. आधी हाडवैद्याचा लेप झाला, पट्टी झाली, तीन आठवड्यांनी सराव झाला आणि मग दुसऱ्यांदा तो पडला. त्यानंतर एमआरआय झाला.

तुटलेला दोर शिवून सहसा जमत नाही. मांडीच्या मागच्या किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या भागातून पट्टा काढतात, हाडांना भोकं पाडून दुर्बिणीतून तो नवा दोर बसवतात. ऑपरेशन तास-दीड तासाचं. खरं काम त्यानंतरचं. नवा दोर हाडात मुरायला आणि वाळलेली मांडी पुन्हा भरायला महिने लागतात. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरू नये, असं आता जगभरचे तज्ज्ञ सांगतात, कारण घाई केली की पुन्हा तुटण्याची शक्यता बरीच वाढते. त्या नऊ महिन्यांत आठवड्यातून चारदा फिजिओथेरपी लागते, पोटाला चांगलं लागतं आणि घर चालायला पैसे लागतात.

मंडळाचे लोक दवाखान्यात आले. फळं आणली, पाकीट दिलं, आईच्या पाया पडले. त्यांच्या मनात खोट नव्हती, हे मी आजही मानते. पण हंगाम चालू होता, दादाच्या जागी दुसरा खेळाडू आणायचा होता आणि पैसे तिकडं गेले. पुढच्या महिन्यात मानधन आलं नाही. ते मागायचं कुणाकडं आणि कशाच्या आधारावर? लेखी काही नव्हतंच. ऑपरेशनसाठी वडिलांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं. ते फिटेपर्यंत फिजिओथेरपीला पैसे उरले नाहीत, म्हणून दादानं ती दोन महिन्यांतच सोडली. एवढ्या एका गोष्टीनं त्याचा फुटबॉल संपला. ऑपरेशन चांगलं झालं होतं, गुडघा बरा होणार होता. मधले सात महिने विकत घ्यायची ऐपत आमच्याकडं नव्हती.

मंडळाचं नाव मी लिहीत नाही. ते काही एका मंडळाचं पाप नव्हतं.

कोल्हापूरचा हंगाम डिसेंबरच्या आसपास सुरू होतो आणि पावसाच्या तोंडाशी संपतो. लीग, मग एकामागून एक चषक स्पर्धा, आणि त्यांतल्या बहुतेक सगळ्या एकाच मैदानावर. एप्रिल-मेमध्ये जमीन दगडासारखी होते. ज्या पोरानं सकाळी दुकानात किंवा फाउंड्रीत काम केलं तोच दुपारी चारच्या उन्हात धावतो. थकलेला स्नायू सांध्याला सावरत नाही. मामांच्या वहीत प्रश्नचिन्हं मार्चनंतर वाढत जातात, हा योगायोग नाही.

याहून भीषण गोष्टीही भारतीय मैदानांनी पाहिल्या आहेत. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पोचा ब्राझिली स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर गोल करताना मोहन बागानच्या गोलरक्षकाला धडकून कोसळला आणि त्यातच गेला. सामना डेम्पोनं २-० असा जिंकला, दोन्ही गोल त्याचेच होते. डेम्पोनं त्याचा दहा क्रमांक पुन्हा कुणाला दिला नाही. मैदानाच्या कडेला कोण उभं असलं पाहिजे, हा प्रश्न तेव्हा देशभर विचारला गेला. मला तो अजूनही प्रत्येक पेठेला, प्रत्येक तालुक्याला विचारावासा वाटतो.

३१ मे

अंधेरीच्या मुंबई फुटबॉल एरीनात माझी ओळख डोंबिवलीच्या एका मुलीशी झाली. ती विमा कंपनीत दावे तपासते आणि संध्याकाळी मुंबई सिटी क्लबाच्या गॅलरीत ढोल वाजवते. तिची वही फोनमध्ये आहे. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढं एक तारीख असते, बहुतेकांच्या पुढं ३१ मे. भारतात व्यावसायिक करार साधारण त्या दिवशी संपतात.

"मी आधी वर्ष बघते, मग फॉर्म," ती म्हणाली. "करार एक वर्षाचा उरला असेल तर तो खेळाडू यंदा जीव तोडून खेळेल आणि पुढच्या वर्षी आपल्याविरुद्ध खेळेल."

कागदाचं हे जग एका बेल्जियन खेळाडूनं घडवलं. ज्याँ-मार्क बोसमन याचा करार १९९०मध्ये संपला, तरीही त्याचा क्लब पैसे घेतल्याशिवाय त्याला सोडायला तयार नव्हता. तो न्यायालयात गेला आणि डिसेंबर १९९५मध्ये युरोपीय न्यायालयानं सांगितलं की करार संपला की खेळाडू मोकळा, नव्या क्लबानं जुन्याला काही देणं लागत नाही. आज फिफाच्या नियमांनुसार करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो आणि अठरा वर्षांखालच्यांचा तीन. शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबाशी पुढच्या हंगामाची बोलणी पक्की करू शकतो. दोन महिन्यांचा पगार थकला तर क्लबाला लेखी पंधरा दिवसांची मुदत देऊन तो करार मोडू शकतो. आणखी एक नियम मला फार मोलाचा वाटतो. वैद्यकीय तपासणीत पास झालास तरच करार लागू, अशी अट घालता येत नाही. तपासणी सहीच्या आधी करा. सही झाली की शरीर जसं आहे तसं क्लबाचं.

३१ मे काय करू शकतो हे मुंबईच्या चाहत्यांनी भोगलं आहे. २०२३-२४च्या हंगामात प्रशिक्षक डेस बकिंगहॅम नोव्हेंबरमध्ये इंग्लंडला गेले, ग्रेग स्टुअर्ट जानेवारीत अर्ध्यातून सोडून गेला. सगळ्यांनी टीम मोडीत काढली. तरी ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर, मोहन बागानच्या घरात, मुंबईनं इंडियन सुपर लीगचा, म्हणजे आयएसएलचा, अंतिम सामना ३-१ असा जिंकला. होर्हे पेरेरा डियाझ, बिपीन सिंग आणि जानेवारीत आलेला याकुब वोइतुश यांचे गोल. त्या रात्री ढोलाची वादी तुटेपर्यंत वाजवलं, असं ती सांगते. चार आठवड्यांनी तारखा आल्या. डियाझ, नोगेरा, राहुल भेके तिघेही बंगळुरूला गेले. २९ मार्च २०२५ रोजी बाद फेरीत बंगळुरूनं मुंबईला ५-० हरवलं आणि पाचवा गोल डियाझचा होता.

"राग नाही आला?" मी विचारलं.

"आला ना. पण त्यानं काय चूक केली? त्याची मुदत संपली होती." मग थोडं थांबून, "मी रोज लोकांच्या पॉलिसी वाचते. माणूस कागदावर सही करतो तेव्हा त्याला वाटतं काही होणारच नाही. कागद मात्र काहीतरी होणार हे धरूनच लिहिलेला असतो."

मामांच्या पेठेत हे बोलणं कुणाला पटलं नसतं. मला मात्र त्या क्षणी दादा आठवला.

कागदानं सगळे प्रश्न सुटत नाहीत, हे अन्वर अलीच्या गोष्टीत दिसतं. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या बचावफळीत खेळलेला हा पंजाबी पोरगा मुंबई सिटीत आला आणि २०१९मध्ये तपासणीत त्याच्या हृदयाचे स्नायू जाड असल्याचं निघालं. त्याला खेळायला मनाई झाली. वय एकोणीस, पाय धडधाकट. तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला, तज्ज्ञांची मतं घेतली गेली आणि २०२१मध्ये तो पुन्हा मैदानात आला, पुढं भारतीय संघाचा आधारस्तंभ झाला. २०२४मध्ये मोहन बागानबरोबरची चार वर्षांची उसनवारी मोडून तो ईस्ट बंगालकडं गेला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीनं त्याच्यावर चार महिन्यांची बंदी घातली, बागानला १२ कोटी ९० लाखांची भरपाई द्यायचा आदेश निघाला, आणि तो आदेश पुन्हा दिल्ली उच्च न्यायालयात अडकून फेरसुनावणीला गेला. ज्याला कुणी खेळू देत नव्हतं, त्याच्यासाठी पाच वर्षांत दोन मोठे क्लब भांडत होते. डोंबिवलीच्या त्या मुलीला या प्रकरणात बागानची बाजू पटते. मला अन्वरची पटते. ज्याला एकदा सांगितलं गेलं की तुझं करिअर संपलं, तो मिळेल तेवढी लांब मुदत आणि मिळेल तेवढी मोठी रक्कम घेणारच.

जो आलाच नाही

ऑगस्ट २०२३मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या सोडतीत मुंबई सिटी आणि सौदीचा अल हिलाल एकाच गटात आले. अल हिलालनं तेव्हा नुकतंच नेमारला घेतलं होतं. अंधेरीचं मैदान या स्पर्धेला चालणार नव्हतं, म्हणून घरचे सामने पुण्यात बालेवाडीला ठरले. नेमार बालेवाडीत! आमच्या घरच्या ग्रुपवर दादानं एकच ओळ टाकली होती, 'काय पण झालं तरी जायचं.' त्यानं फुटबॉल सोडल्यानंतर कुठल्या सामन्यासाठी रजा मागितल्याचं मला आठवत नाही.

१७ ऑक्टोबरला माँटेव्हिडिओत उरुग्वेविरुद्ध ब्राझीलकडून खेळताना नेमारचा डावा गुडघा गेला. एसीएल आणि मेनिस्कस. दादाचीच दुखापत, तोच पाय. सामना शेवटी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला आणि ६ नोव्हेंबरला आम्ही तिथं बसलो होतो. अल हिलालनं २-० जिंकलं. दादा पूर्ण वेळ सामना बघत होता, पण मधेच म्हणाला, "आता त्याची मांडी वाळायला लागली असंल."

यापुढचं मी नंतर वाचत गेले. देशाकडून खेळताना खेळाडू जखमी झाला आणि अठ्ठावीस दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिला, तर त्याच्या क्लबाला पगाराची भरपाई देणारी फिफाची योजना आहे. एका दुखापतीला जास्तीत जास्त ७५ लाख युरो, जास्तीत जास्त एक वर्ष. नेमार वर्षभरानं, ऑक्टोबर २०२४मध्ये मैदानात परतला. जानेवारी २०२५मध्ये त्याचा आणि अल हिलालचा करार परस्परसंमतीनं संपला, तेव्हा त्यानं त्यांच्यासाठी अवघे सात सामने खेळले होते. त्या काळात त्याला मिळालेल्या पैशाविषयी जगभर टीका झाली. मी ती करू शकत नाही. आकडे अवाढव्य आहेत, पण त्या आकड्यांखालचं तत्त्व साधं आहे: काम करताना मोडलेल्या माणसाला उभं राहीपर्यंत वेळ द्यायचा. हेच तत्त्व दादासाठी महिन्याच्या मानधनात आणि आठवड्यातल्या चार दिवसांच्या फिजिओथेरपीत बसलं असतं.

आपल्याकडं वरच्या पातळीवरही हा वेळ मिळेलच याची खात्री नसते. ऑक्टोबर २०१९मध्ये भारतीय बचावपटू संदेश झिंगनचा एसीएल गेला आणि केरळ ब्लास्टर्सचा सगळा हंगाम त्याच्याशिवाय गेला. ते सातवे आले. पुढच्या मेमध्ये करार परस्परसंमतीनं संपला, तो पुन्हा पिवळ्या शर्टात दिसलाच नाही. सप्टेंबर २०२३मध्ये थायलंडच्या किंग्ज कपमध्ये भारताकडून खेळताना आशिक कुरुनियनचा गुडघा गेला, तोटा मोहन बागानला झाला. हंगामाआधी चाहते टीमचे अंदाज बांधतात तेव्हा असा एखादा गुडघा हिशेबात नसतो. मामांच्या हिशेबात असतो.

टीमच नसेल तर

कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव २०१७चा तो विश्वचषक खेळला, तेव्हा पेठांची भांडणं काही दिवस थांबली होती. बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढं गेलेला हा पोरगा मार्च २०२२मध्ये आयएसएल जिंकणाऱ्या हैदराबादच्या संघात होता. कट्ट्यावरच्या प्रत्येक बापाला वाटलं, आपला पोरगाही जाईल, तिथं करार आहे, पगार आहे. दोन वर्षांत त्याच हैदराबादनं खेळाडूंचे पगार थकवले आणि एकेक जण निघून गेला. अनिकेत त्याआधीच तिथून निघाला होता.

हैदराबादची लीगमधली जागा मुळात पुण्याची. एफसी पुणे सिटी २०१९मध्ये बंद झाला, त्याच जागी हैदराबाद आला. त्याआधी पुणे एफसी गेला, मुंबई एफसी गेला. २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकलेल्या महिंद्रा युनायटेडनं २०१०मध्ये फुटबॉल सोडला. महाराष्ट्रातल्या चाहत्याला आपला क्लब पुढच्या वर्षी असेल का, हा प्रश्न विचारायची सवय झाली आहे.

२०२५च्या जुलैमध्ये तो प्रश्न सगळ्या देशाला पडला. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबरमध्ये संपणार होता, नवा होत नव्हता, म्हणून हंगामच स्थगित झाला. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. निविदा काढली तर नोव्हेंबरमधल्या मुदतीपर्यंत कुणी बोली लावली नाही. डिसेंबरमध्ये मँचेस्टर सिटीचे मालक मुंबई सिटीतून बाहेर पडले. फेब्रुवारी २०२६मध्ये लीग छोट्या रूपात कशीबशी उभी राहिली. त्या मधल्या महिन्यांत डोंबिवलीच्या मुलीनं फोनमधली यादी उघडली नाही. "तारखा होत्या, पण त्यांना अर्थ नव्हता. कागद देणारा उभाच नसेल तर कागद काय करणार?"

त्याच हिवाळ्यात मामांची वही मात्र भरत होती. पेठेच्या मंडळाला टीव्हीचे पैसे लागत नाहीत, मालक लागत नाही. मंडळ उद्या उठून दुसऱ्या शहरात जाणार नाही, कारण त्याला दुसरं शहरच नाही. मुंबईत कागद आहे पण क्लब टिकेल याची खात्री नाही, आणि कोल्हापुरात मंडळ टिकणारच आहे पण कागद नाही, हे मला या फिरण्यातून कळलं. दुसरी उणीव भरून काढणं कितीतरी सोपं आहे. नोंदणीच्या फॉर्मबरोबर प्रत्येक खेळाडूचा अपघात विमा उतरवा, त्याचा हप्ता चषकाच्या बक्षिसातून काढा. मानधन लिहून द्या, आणि जखमी झाल्यावर किती महिने मिळेल तेही लिहा. मैदानावर एक फिजिओ बसवा, जो आठव्या दिवशी सूज उतरली म्हणून उड्या मारणाऱ्या पोराला अडवील. स्वागत कमानीला जो खर्च होतो त्यात यातलं बरंच बसेल. हे मी मंडळाच्या कार्यकर्त्यांना तोंडावर सांगितलं आहे. त्यातला एक म्हणाला, "खरं हाय ताई, पण पोरं कागद मागत न्हाईत." पोरं मागणार नाहीत. बावीस वर्षांचा दादाही मागत नव्हता. म्हणून ते देणाऱ्यांनी द्यायचं असतं.

पान चार

जूनमध्ये दादाचा फोन आला. त्याचा मुलगा चौदा वर्षांचा आहे, डाव्या पायानं खेळतो. परगावच्या एका अकादमीनं त्याला बोलावलं होतं. राहणं, शाळा, सराव, सगळं त्यांचं. तीन वर्षांचे कागद आले होते.

"तू येऊन वाच," दादा म्हणाला. "मला इंग्रजी येतं गं, पर ह्ये कळंना."

मी शनिवारी गेले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर नऊ पानं पसरली होती. वहिनींनी पोरग्याला बाहेर पाठवलं. पहिली तीन पानं शिस्त, अभ्यास, गणवेश, फोन कधी वापरायचा याची. दादा उठून गॅसजवळ उभा राहिला. डावा पाय तो अजूनही थोडा पुढं ठेवूनच उभा राहतो.

चौथ्या पानावर दुखापतीचं कलम होतं. सरावात किंवा सामन्यात दुखापत झाल्यास तपासणी आणि उपचार अकादमीच्या खर्चानं, शस्त्रक्रिया विम्यातून. मी मराठीत सांगितलं.

"आणि त्यानंतरचं?" दादानं विचारलं. "मधलं?"

मी पुन्हा वाचलं. नंतरचं काही नव्हतं. किती महिने, कुणाच्या देखरेखीखाली, त्या काळात मुलगा तिथंच राहील की घरी पाठवतील, काही नव्हतं.

दादानं माझ्या हातातून पेन घेतलं. समासात, कलमाच्या बाजूला, त्यानं मोठ्या अक्षरांत 'फिजिओ – ९ महिने' असं लिहिलं, त्याला गोल केला आणि सहीची जागा तशीच कोरी ठेवून पानं पाकिटात घातली. सोमवारी सकाळच्या एसटीनं तो स्वतः ते पाकीट घेऊन गेला.